हिशेब चुकता

लातूरच्या उद्योग भवन परिसराला सगळं शहर ‘ट्यूशन एरिया’ म्हणतं. ‘लातूर पॅटर्न’ची खरी पेठ हीच. भल्या पहाटे पाठीला सॅक लावलेली पोरंपोरी इथल्या गल्ल्यांतून लोंढ्याने वाहायला लागतात. कुणी नांदेडचं, कुणी परभणी-हिंगोलीचं, कुणी बीडचं. एका खोलीत तीन कॉट, खिडकीला वाळत घातलेले टॉवेल, भिंतीवर आवर्तसारणी आणि तिच्या शेजारी आईने दिलेला देवाचा फोटो. खाली झेरॉक्सचं दुकान, अभ्यासिका, चहाची टपरी आणि खाणावळ.

शांतामावशींची खाणावळ अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. साठ-सत्तर पोरं जेवायची, काहींचे डबे जायचे. रविवारी दुपारी गोडधोड आणि रात्री चूल बंद, हा सगळ्या लातूरचाच नियम. मावशींकडे एक लांबट वही होती. तिच्यात कुणी किती खाडे केले, कुणाचे किती पैसे आले, किती राहिले, हे त्या पेन्सिलीने लिहीत. सातवीत शाळा सुटलेली बाई, पण त्या वहीवरून पोरांचं तिला जेवढं कळायचं तेवढं क्लासच्या संगणकालाही कळत नसे. परीक्षा जवळ आली की दही जास्त लागतं, निकालाच्या आठवड्यात पोळ्या उरतात, घरून कुणी भेटायला येऊन गेलं की दोन दिवस भाजीला नावं ठेवली जातात.

ओंकार त्या खाणावळीतला सगळ्यात हसरा पोरगा. रिपीटर बॅचचा. पहिल्या वेळी मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला ७२० पैकी ४९८ गुण पडले होते. सरकारी महाविद्यालयाला ते पुरणार नव्हते आणि खासगीचं नाव काढायची घरची ऐपत नव्हती. वडिलांची तीन एकर, तीही कोरडवाहू. तरी पोरगा पंगतीला बसला की हशा पिकायचा. फिजिक्सच्या सरांची नक्कल तो अशी करायचा की खडूचा आवाजसुद्धा ऐकू यावा. नवीन आलेलं एखादं पोर घरच्या आठवणीने मुसमुसायला लागलं की मावशी म्हणायच्या, ‘‘ओंकारला बोलवा रे.’’ ओंकार यायचा, पोराला गंजगोलाईत फिरवून आणायचा, आणि पोर जेवायला बसायचं.

खंबीर पोरगा, सगळेच म्हणायचे.

त्याच्या क्लासमध्ये दर रविवारी चाचणी असायची आणि दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी क्रमवार यादी लागायची. नाव, गुण, क्रमांक. वरच्या साठांची बॅच वेगळी, तिला वातानुकूलित वर्ग आणि नावाजलेले सर. खाली घसरलेल्यांना मागच्या इमारतीत. यादीच्या बरोबर वर एक मोठं पोस्टर होतं. पुरात मोठाली झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, या तुकोबांच्या दृष्टांताचं चित्र. खाली सरांचं नाव आणि मोबाइल नंबर. तुकोबांनी हा दृष्टांत नम्रतेसाठी दिला होता. आपण तो पोरांना ‘सोसा, वाका, पण टिका’ असा ऐकवतो. सोसणाऱ्याला शहाणपण शिकवायचं आणि पुराला काही विचारायचं नाही, ही आपल्या पुष्कळ बोधकथांची खोड आहे.

दिवाळीनंतर ओंकार त्या यादीत खाली सरकत गेला. ५१२, ४८६, ४६१. विनोद मात्र वाढले. एवढे वाढले की मावशींच्या हाताखालची रेखा एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘‘ह्याला झालंय तरी काय? श्वासच घेईना बोलताना.’’ डबा घेऊन जायचा त्या दिवशी डबा अर्धा परत यायचा. रात्री दोन-तीनला त्याच्या खोलीतला दिवा जळत असायचा. सगळ्यांना वाटलं, अभ्यास करतोय. त्याच्या खोलीतला नितीन नंतर म्हणाला, पुस्तक उघडं असायचं, पण पान उलटत नव्हतं.

जानेवारीत एक बदल झाला, आणि तो सगळ्यांना चांगला वाटला. ओंकार एकदम शांत झाला. नकला बंद, चिडचिड बंद. बायोलॉजीच्या नोट्स त्याने खालच्या मजल्यावरच्या अकरावीच्या पोराला देऊन टाकल्या. क्रिकेटची बॅट नितीनला दिली. ‘‘मला आता कुठं वेळ मिळतोय,’’ म्हणाला. नितीनने बॅट घेतली, खूश झाला. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला यात वावगं काय दिसणार?

मग एका रात्री, महिन्याच्या मध्यावर, ओंकार वही मागायला आला.

‘‘मावशी, माझे किती निघतात?’’

‘‘महिना कुठं भरलाय?’’

‘‘असू द्या. आजपर्यंतचे सांगा.’’

मावशींनी आकडा सांगितला. त्याने मोजून नोटा ठेवल्या. शंभर रुपये जास्तीचे होते. परत द्यायला लागल्या तर म्हणाला, ‘‘राहू द्या. मागच्या वर्षी ताप आला होता तेव्हा तुम्ही आठ दिवस पेज करून दिली, ते वहीत लिहिलंच नव्हतं. तुमचं काही राहायला नको.’’ आणि हसून जिना चढून गेला.

मावशींनी वहीत ‘चुकता’ असं लिहिलं. भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, रेखा घरी गेली. पण तो शब्द काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. वीस वर्षांच्या खाणावळीत पोरांनी पैसे बुडवले होते, उशिरा दिले होते, बापाला पाठवून दिले होते. मागितल्यावाचून, महिन्याच्या अधेमधे, विसरलेल्या पेजेसकट कुणी हिशेब पुरा केला नव्हता.

इथे मावशींचं मागचं थोडं सांगायला हवं. त्या किल्लारीच्या. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे ३.५६ वाजता जमीन हलली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, वरची जड माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. शांता तेव्हा तेरा वर्षांची होती. आई गेली, धाकटा भाऊ गेला. ती वाचली आणि रडली नाही. वडिलांना भाकरी करून घालू लागली, पत्र्याच्या शेडपुढे सडा टाकू लागली. मदतीला आलेले लोक, नातेवाईक, शाळेतले गुरुजी, सगळे म्हणायचे, ‘‘धीराची पोर आहे.’’ ते ऐकलं की तिला आणखी ताठ उभं राहावं लागायचं.

शेजारच्या शेडमध्ये अनसूयाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचे दोन कर्ते मुलगे ढिगाऱ्याखालून निघाले होते. तिने शांताला कधी धीराची म्हटलं नाही. संध्याकाळी सूप घेऊन बसायची आणि पोरीला तूर निवडायला बोलवायची. एका संध्याकाळी सुपातून मान वर न करता तिने विचारलं, ‘‘मायच्या मागं जावं वाटायलंय का गं तुला?’’ शांताच्या हातातले दाणे सांडले. त्या प्रश्नासरशी तिला पहिल्यांदा रडू फुटलं. म्हातारीने सांत्वन केलं नाही, देवाधर्माचं बोलली नाही. ‘‘माझ्याजवळ निजत जा काही दिवस,’’ एवढंच म्हणाली. आणि शांताच्या बापाला बोलावून सांगितलं, पोरीला एकटीला सोडायचं नाही.

म्हणून मावशींना तो प्रश्न ठाऊक होता. ठाऊक असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पोराला विचारणं वेगळं, हेही ठाऊक होतं. साडेदहाला त्यांनी चप्पल घातली आणि जिना चढून गेल्या.

ओंकार कॉटवर बसला होता. टेबल आवरलेलं. नितीन अभ्यासिकेत होता. मावशी समोरच्या कॉटवर बसल्या. गुडघे दुखत होते, दम लागला होता. तो जरा बसू दिला.

‘‘ओंकार, एक विचारते. खरं सांगायचं. नाही सांगितलंस तरी मी उठून जाणार नाही. मरून जावं असं वाटायलंय का तुला?’’

आपल्याकडे शहाणीसुरती माणसंही हा प्रश्न तोंडातच गिळतात. भीती अशी, की पोराच्या डोक्यात नसलेलं आपणच भरवू. ही भीती खोटी आहे. या प्रश्नावर जगभर पुष्कळ संशोधन झालं आहे आणि त्याचा कौल असा, की स्पष्ट शब्दांत विचारल्याने तो विचार रुजत नाही. असला तर सांगायला वाट मिळते. वळसे घेतले की मात्र पोराला वेगळंच कळतं: हा विषय या माणसापुढे काढायचा नाही. ‘असलं काही वेडंवाकडं मनात नाही ना रे?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येणार, कारण तेच हवं आहे हे प्रश्नातच सांगून झालेलं असतं.

ओंकार बराच वेळ नखाने चादरीचा दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, ‘‘हो.’’

‘‘किती दिवस झाले?’’

‘‘दिवाळीपासून.’’

‘‘काही ठरवलंयस?’’

त्याने मान हलवली. मावशींच्या पोटात गोळा आला, पण त्यांनी आवाज चढवला नाही, शपथा घातल्या नाहीत, ‘आईबापाचा विचार केलास का’ असंही म्हटलं नाही. आईबापाचाच तर विचार करून तो तिथवर पोचला होता. ते पुढे दहा मिनिटांत बाहेर आलं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. भाव चढेपर्यंत थांबू, असं त्याच्या वडिलांच्या, अण्णांच्या मनात होतं. पण क्लासचा दुसरा हप्ता आला आणि माल आहे त्या भावाने गेला. ओंकारने हे सगळं कागदावर मांडलं होतं. ‘‘मी नसलो तर निदान पुढचं तरी वाचेल, मावशी. तीन वर्षं झाली, नुसता खर्च चाललाय माझ्यावर. आणि ते पोस्टर बघतो रोज. लव्हाळी वाचतात म्हणे. लव्हाळ्याला कुठं रँक असते?’’

मावशींना हसू आलं. त्यालाही आलं, आणि हसता हसताच त्याचा बांध फुटला. त्यांनी रडू दिलं.

मग तो म्हणाला, ‘‘अण्णांना सांगू नका. शपथ घ्या.’’

‘‘शपथ घेणार नाही. हे पोटात ठेवण्यासारखं नाही. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, ते तुझ्यासमोर बसून ठरवू. तुझ्या माघारी काही करणार नाही.’’

आधी नितीनला फोन केला. खोलीत ज्याची भीती वाटत होती ते ओंकारने त्याला दाखवलं, नितीनने ते उचलून मावशींच्या कपाटात कुलूपबंद केलं. मग १४४१६ लावला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ही ‘टेली मानस’ सेवा सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. पलीकडून एक बाई बोलल्या. मावशींनी फोन ओंकारच्या हातात दिला आणि स्वतः दारात जाऊन बसल्या, ऐकू येणार नाही पण दिसेल एवढ्या अंतरावर. रात्री त्या खाणावळीत दोन सतरंज्या पडल्या. मध्ये ओंकार, एका बाजूला नितीन, दाराकडे मावशी. झोप कुणालाच फारशी लागली नाही. पहाटे ओंकारने कणीक मळायला घेतली आणि ती इतकी सैल झाली की रेखाने आल्या आल्या कुणाचा हा पराक्रम म्हणून आरडाओरडा केला.

अण्णा पहिल्या एसटीने आले. फोनवर मावशींनी एवढंच सांगितलं होतं की लेकरू आजारी आहे, जिवाला जपायला हवं, ओरडू नका. तरी माणूस बापच. आल्या आल्या तोंडातून गेलं, ‘‘आम्ही काय कमी केलं रे तुला?’’ ओंकारची मान खाली गेली. मावशींनी अण्णांना चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. म्हणाल्या, ‘‘कमी नाही केलं. पण ते त्याला माहीत आहे, म्हणूनच तर झालंय हे. त्याचं आधी ऐकून घ्या.’’

अण्णांची दुसरी भीती निराळी होती. ‘‘पोलिस केस तर होणार नाही ना?’’ सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी ती आधी मोडून काढली. मदत मागणं हा गुन्हा कधीच नव्हता, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तसा प्रयत्न करणारा माणूसही तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं. मग ओंकारचा तो कागद मागितला, हप्त्यांचा. चष्मा लावून खालपर्यंत वाचला. ‘‘तीन एकर मी कुणासाठी नांगरतो ते लिहिलंच नाहीस की यात. हिशेबच चुकलाय तुझा,’’ म्हणाले, आणि दवाखान्याच्या बाकावर पोराच्या खांद्यावर हात टाकून बसले. असा हात त्यांनी तो पाचवीत असल्यापासून टाकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी निदान केलं नैराश्याचं, गोळ्या दिल्या, त्या लागू पडायला काही आठवडे जातील आणि मनाने बंद करायच्या नाहीत हे बजावलं. सगळ्याच पोरांना गोळ्या लागत नाहीत, ओंकारला लागल्या. शिवाय त्यांनी त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला, त्याच्याच शब्दांत. बिघडायला लागलं हे तुला कशावरून कळतं? त्याने लिहिलं: मी फार विनोद करायला लागलो की. झोप मोडून यादीतले आकडे दिसायला लागले की. तेव्हा एकट्याने काय करता येईल? गंजगोलाईला एक फेरी, थंड पाण्याने अंघोळ, ताईच्या पोरीला व्हिडिओ कॉल. कुणाजवळ जाऊन बसता येईल? नितीन, मावशींचा ओटा. कुणाला खरं सांगता येईल? मावशी, ताई, आणि बराच वेळ पेन थांबवून: अण्णा. त्याखाली दवाखान्याचा नंबर आणि १४४१६. शेवटी, धोक्याच्या वस्तू कुणी कुठे कुलपात ठेवायच्या, तेही. खोलीवरच्याच नव्हे, गावच्या घरातल्यासुद्धा. अशी तीव्र लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेवढा वेळ माणूस जवळ हवं आणि साधन लांब.

एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. ओंकारने लिहिलं होतं, ‘मनाने घट्ट व्हायचं.’ ती ओळ त्यांनी खोडायला लावली. ‘‘घट्ट होऊनच इथवर आलास,’’ म्हणाल्या.

मग पोरं तगतात ती कशाच्या बळावर? हवाईच्या काउआई बेटावर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा चाळीस वर्षांपर्यंत माग ठेवला. त्यांतली दोनशेवर मुलं गरिबी, भांडणं, व्यसन, आजार अशा घरांत वाढली होती. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही नीट, प्रेमळ, कर्तबगार माणसं झाली. का झाली, याच्या उत्तरात बऱ्याच गोष्टी आल्या, पण एक पुन्हा पुन्हा आली: त्या मुलांच्या आयुष्यात त्यांना आहे तसं जवळ करणारं निदान एक मोठं माणूस होतं. ते आईबापच असावं असं नव्हतं. आजी होती, मावशी होती, एखादी शिक्षिका होती. आपण मात्र तग धरण्याची ताकद पोराच्या छातीत शोधतो आणि सापडली नाही की त्यालाच कमकुवत ठरवतो. किल्लारीत ती ताकद तेरा वर्षांच्या शांतात नव्हती, शेजारच्या शेडमध्ये सूप घेऊन बसली होती.

आणि अशी माणसं किती पोरांना मिळतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. या प्रत्येकाचं कारण परीक्षाच होतं असं म्हणता येत नाही. घर, आजार, प्रेम, मारहाण, नशा, अनेक धागे एकमेकांत गुंततात. एका निकालावर सगळं ढकलून मोकळं होणं हा वर्तमानपत्री आळस आहे. पण रोज कुठेतरी पंगतीत एक ताट कमी होतं, एवढं खरं.

ओंकार पंधरा दिवस गावी राहिला, मग परत आला. येऊ नये असं मावशींना वाटत होतं; त्याला यायचं होतं. क्लास बदलला नाही, पण यादी बघायची नाही असं ठरलं. नितीन त्याच्या वतीने यादी पाहायचा आणि त्याने विचारलं तरच सांगायचा. सगळं सुरळीत झालं म्हणावं तर तसं नाही. फेब्रुवारीत एका मध्यरात्री खाणावळीच्या शटरवर थाप पडली. मावशींनी उघडलं तर ओंकार हातात तो कागद घेऊन उभा. ‘‘मी फार विनोद करायलोय कालपासून,’’ म्हणाला. त्या रात्री पुन्हा दोन सतरंज्या पडल्या, पुन्हा फोन झाला, सकाळी दवाखान्यात जाऊन गोळीचं प्रमाण बदलून आणलं. मावशींनी त्या कागदाची झेरॉक्स काढून वहीत ठेवली.

४ मे २०२५ ला नीट झाली. त्या वर्षीच्या फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं. ओंकारचे गुण एमबीबीएसला पुरण्यासारखे नव्हतेच. निकालाच्या दिवशी अण्णा न बोलावता लातुरात आले, पोराला घेऊन जेवले, मावशींच्या वरणाला तिखट कमी म्हणून नाव ठेवलं आणि दोघं गावी गेले. जूनच्या पेरणीला ओंकार शेतात होता. पुढे त्याने उदगीरला बीएस्सीला प्रवेश घेतला. आवडतंय का, असं मावशींनी फोनवर विचारलं तर म्हणाला, ‘‘कळायचंय अजून.’’ गोळ्या चालू आहेत. महिन्यातून एकदा दवाखान्यात येतो तेव्हा ओट्यावर बसून जातो.

त्याच वर्षी २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालयं आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून बॅचा वेगळ्या पाडू नयेत, पोरांना चारचौघांत खजील करू नये. ओंकारच्या जुन्या क्लासचे सर सप्टेंबरात मावशींकडे आले. त्यांच्या घरचे आणि कार्यालयाचे मिळून सहा डबे मावशींकडूनच जायचे. १० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. क्लासमध्ये कार्यक्रम ठेवलाय, शाल-श्रीफळ देऊ, तुम्ही चार शब्द बोला, म्हणाले. ओंकारची गोष्ट नाव न घेता सांगा, पोरांना स्फूर्ती मिळेल.

‘‘भाषण मला येत नाही,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आणि ती गोष्ट त्याची आहे, माझी नाही. द्यायचंच असेल तर शाल नको. जिन्यापाशी यादी लावता ती काढा. आणि तिथं १४४१६ मोठ्या अक्षरात लिहा.’’

सर हसले. ‘‘मावशी, यादी काढली तर पालक विचारतात, आमचं पोरगं कितवं आहे?’’

‘‘त्यांना एकेकट्याला सांगा.’’

सरांनी शब्द दिला आणि पाळलाही. कार्यक्रमाच्या दिवशी जिन्यापाशी नुसती भिंत होती आणि तिच्यावर रंगवलेला नंबर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारी जेवताना एक पोरगं मोबाइलकडे बघून एकदम गप्प झालं. मावशींनी नितीनला विचारलं. तोही आता रिपीटर होता. यादी पालकांच्या आणि पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. नाव, गुण, क्रमांक. खालच्या वीसांची नावं लाल रंगात.

मावशींनी वही काढली, सरांच्या सहा डब्यांचा त्या दिवसापर्यंतचा हिशेब केला, आगाऊ घेतलेले उरलेले पैसे पाकिटात घातले आणि रेखाच्या हाती क्लासवर पाठवून दिले. संध्याकाळी सरांचा फोन आला, उद्याचे डबे कधी पाठवताय म्हणून.

‘‘यादी उतरली की,’’ मावशी म्हणाल्या.